गॅस गेलाय म्हणे!



आपल्याकडे फ्रिज बिघडला की निदान ठरलेलं असतं. "गॅस गेला असेल." शेजारचे म्हणतात, इस्त्रीवाला म्हणतो, आणि दुरुस्तीला आलेला माणूस तर कधी कधी दार उघडायच्या आधीच म्हणतो. मग काही हजार रुपये मोजून गॅस भरला जातो, फ्रिज आठ-दहा दिवस झकास चालतो, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

माझं मत विचाराल तर (न विचारताही सांगणारच आहे!) हे निदान फार घाईचं असतं. निदान खाली फ्रीझर असलेल्या फ्रिजच्या बाबतीत तरी गॅसवर संशय अगदी शेवटी घ्यावा. आणि दुसरं मत असं, की हा फ्रिज चालतो कसा हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. विशेषतः जी व्यक्ती तो दिवसातून चाळीस वेळा उघडते, तिला.

हे आत्ताच लिहायचं कारण म्हणजे आमच्या घराण्यात सध्या 'खाली फ्रीझर'ची साथ आलीय. आत्याने घेतला, धाकट्या जावेने घेतला, नागपूरच्या मामी पुढच्या महिन्यात घेणार आहेत. प्रत्येकीचा फोन येतो, "काय गं, चांगला असतो ना?" तेव्हा सगळ्यांना मिळून एकदाच उत्तर.

चांगला असतो. आपल्या घरांना तर जास्तच चांगला. आपण फ्रीझर उघडतो कशासाठी? बर्फ, मटार, मे महिन्यात साठवलेला आमरस, पोरांचं आइस्क्रीम. उरलेलं सगळं दूध, दही, कालची आमटी, कोथिंबीर हे तर खालीच असतं. म्हणजे दिवसातून दोनदा उघडायचा कप्पा डोळ्यांसमोर आणि चाळीसदा उघडायचा कप्पा गुडघ्यांपाशी, असा उलटा कारभार आपण वर्षानुवर्षं चालवला. भाजीचा ट्रे ओढायला माझी आई अक्षरशः जमिनीवर बसायची. फ्रीझर खाली गेला की भाजी कमरेच्या उंचीवर येते. साठीच्या पुढच्या गुडघ्यांना हा फरक कळतो.

पण सोयीसाठी केलेल्या या अदलाबदलीची एक किंमत आहे, आणि ती समजली की पुढचं सगळं सोपं होतं.

गोदरेजने १९५८ साली भारतात पहिला देशी फ्रिज बनवला. तेव्हापासून पुढे कित्येक वर्षं आपल्या घरांत जे एकदारी फ्रिज आले त्यांत बर्फाचा खण वर असायचा. याला कारण होतं. गार हवा जड, ती आपोआप खाली उतरते. वर बर्फ ठेवला की खालचं सगळं बिनबोभाट गार. पंखा नको, काही नको. त्या बदल्यात दर पंधरवड्याला बर्फ वितळवण्याचा कार्यक्रम, आणि ओट्याखाली जुनी पंचं अंथरणं.

खाली फ्रीझर असलेल्या फ्रिजमध्ये गारवा तयार होतो तळाशी, आणि तो न्यायचा असतो वर. गार हवा स्वतःहून वर चढत नाही. तिला ढकलावं लागतं. बहुतेक मॉडेलांत रचना अशी असते : फ्रीझरच्या मागच्या भिंतीआड गार होणारी कॉइल. तिच्याजवळ एक छोटा पंखा. पंखा ती गार हवा थोडी फ्रीझरमध्ये सोडतो आणि थोडी मागच्या नळीतून वरच्या कप्प्यात पाठवतो. वाटेत एक झडप, जी वर किती गारवा जाऊ द्यायचा ते ठरवते. वर फिरून कोमट झालेली हवा दुसऱ्या वाटेने खाली कॉइलपाशी परत. झालं. एक कॉइल, एक पंखा, एक झडप आणि येण्या-जाण्याच्या दोन वाटा.

त्यामुळे फ्रिज म्हणजे थंड कपाट नव्हे. जुन्या वाड्यात समोरासमोर खिडक्या असायच्या तसं ते वारा खेळायचं घर आहे. वारा अडला की घर कोंदटलं. म्हणून वरचा कप्पा गार होत नसेल तर पहिला प्रश्न 'गॅस आहे का' हा नाही. पहिला प्रश्न 'हवा कुठे अडली' हा आहे.

आता गॅसचं. गॅस बंद नळ्यांमध्ये फिरत असतो. तो स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. कमी झालाच तर कुठेतरी गळती आहे म्हणून. मग आधी गळती शोधायची, बुजवायची आणि मगच गॅस भरायचा. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी ओतणं. आणि साधी खूण सांगते. फ्रीझरमधलं आइस्क्रीम दगडासारखं कडक असेल, तर गॅस आणि कॉम्प्रेसर आपलं काम करतायत असं समजायला हरकत नाही. गारवा तयार होतोय, फक्त वर पोचत नाहीये.

हे सगळं मला एवढ्या तावातावाने का सांगायचंय, तर आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंमुळे. वय बहात्तर, एकट्या राहतात, मधुमेह जुना, इन्शुलिन रोजचं. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात दूध नासायला लागलं. खाली मटार मात्र खडखडीत. त्यांनी फोन केला, माणूस आला. मी तिथेच होते. त्याने वरच्या कप्प्यात हात घातला आणि म्हणाला, "आजी, गॅस गेलाय. साडेतीन हजार होतील. साहेब आहेत का घरात?"

"साहेबांना जाऊन सहा वर्षं झाली," काकू म्हणाल्या.

मी विचारलं, "दादा, गॅस गेला असेल तर खाली बर्फ कसा?" त्यावर तो म्हणाला, "ताई, तुम्हाला नाही कळायचं ते." खरं सांगते, मला साडेतीन हजारांपेक्षा या वाक्याचा राग जास्त आला. त्याला नमस्कार केला आणि जिन्यापर्यंत पोचवला.

मग आम्ही काय केलं, तर काहीही खास नाही. प्लग काढला. फ्रिजमधलं सामान तीन घरांत वाटून टाकलं, इन्शुलिन माझ्याकडे ठेवलं. दोन्ही दारं सताड उघडी, खाली जुने टॉवेल, आणि पुरा एक दिवस तसंच. कॉइलवर बर्फाचा थर चढला असेल तर तो भिंतीआड असतो, बाहेरून दिसत नाही. म्हणून घाई करायची नाही. संध्याकाळपर्यंत पाच टॉवेल पिळून झाले. एवढं पाणी कुठून आलं म्हणून काकू थक्क! दुसऱ्या दिवशी फ्रिज लावला आणि काही तासांत वरचा कप्पा गार.

अकरा दिवसांनी पुन्हा तीच तक्रार. पण आता आम्हाला त्यातून काहीतरी कळलं होतं. या फ्रिजांत कॉइलवर जमणारं दव दिवसातून एक-दोनदा वितळवायला एक हीटर असतो. तो, किंवा त्याला चालू-बंद करणारा सेन्सर वा टायमर बिघडला, की दव साचत जातं, त्याचा बर्फ होतो आणि पंख्याची हवा तिथेच अडते. सगळं वितळवल्यावर फ्रिज काही दिवस बरा चालून पुन्हा त्याच दुखण्यावर आला, तर बोट या वितळवणाऱ्या यंत्रणेकडे जातं. वितळवूनही अजिबात फरक पडला नाही, तर पंखा किंवा झडप. नवीन माणसाला बोलावलं तेव्हा काकूंनी त्याला एवढंच सांगितलं : "खाली बर्फ होतो. वर गार नाही. वितळवलं की अकरा दिवस चालतो." त्याने मागचं पॅनेल उघडलं, हीटर तपासला, गेलेला होता, बदलला. गॅसच्या निम्म्याहून कमी पैशात काम झालं.

आणि आता कळलं ना, गॅस भरल्यावर फ्रिज आठ-दहा दिवस 'बरा' का होतो? गॅस भरायला तो काही तास बंद ठेवला जातो. तेवढ्यात आतला बर्फ वितळतो. गुण येतो तो वितळण्याने, श्रेय जातं गॅसला!

पण खरी काळजीची गोष्ट पैशांची नव्हतीच. वर गार होत नाही म्हणून काकूंनी आधी नॉब फिरवून सगळ्यात जास्त गारव्यावर नेऊन ठेवला होता. कोणीही करेल. आता वाट मोकळी झाल्यावर त्याच सेटिंगला वरच्या झरोक्यातून बर्फाळ हवा सुटली असती, आणि इन्शुलिनचा डबा नेमका त्या झरोक्यासमोर असायचा. न उघडलेलं इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. ते एकदा गोठलं की वितळल्यावर दिसायला नेहमीसारखंच दिसू शकतं, पण त्याचा भरवसा राहत नाही, टाकूनच द्यावं लागतं. दूध नासलं तर वास येतो. इन्शुलिन असं काही सांगत नाही. रोज टोचत राहायचं आणि साखर का वाढतेय याचं कोडं डॉक्टरांनी सोडवायचं. म्हणून नॉब मधल्या खुणेवर आणला आणि डबा मधल्या फळीवर पुढच्या बाजूला ठेवला. झरोक्यापासून लांब आणि दारातही नाही, कारण दार सारखं उघडतं.

ज्यांच्या घरी इन्शुलिन आहे त्यांनी हा परिच्छेद कृपया दोनदा वाचा.

फ्रिजला शंभर-दीडशे रुपयांचा थर्मामीटर आणला तर मोठं काम होतं. पाण्याने भरलेल्या पेल्यात तो ठेवायचा, पेला मधल्या फळीवर, रात्रभर. सकाळी दार उघडल्याबरोबर वाचायचा. वर ३ ते ५ अंश आणि फ्रीझरमध्ये उणे १८ च्या आसपास असलं की उत्तम. आपल्या हाताला जे 'छान गार' लागतं ते बरेचदा १० अंशांचं असतं, आणि त्या तापमानाला जंतू मजेत वाढतात.

आता बाकीच्या सवयी. यातली एकही अवघड नाही.

झरोके मोकळे ठेवा. वरच्या कप्प्याच्या मागच्या भिंतीवर जी भोकं दिसतात ती नक्षी नाही. इडलीच्या पिठाचं मोठं पातेलं त्यांना टेकवून ठेवलं की खालच्या फळ्या उपाशी राहतात. पातेलं चार बोटं पुढे ओढलं तरी पुरे.

फ्रीझरचा खण पूर्ण आत गेलाय का पाहा. खाली फ्रीझर असलेल्या फ्रिजचं हे खास दुखणं. मटाराच्या पिशवीचं टोक वर आलं की खण अर्धा बोट बाहेर राहतो, दार बंद दिसतं पण रबर चिकटत नाही. पावसाळ्यात मुंबई-कोकणातली दमट हवा त्या फटीतून आत शिरते आणि तिचा बर्फ होतो. दार उभ्याने दिसत नाही, म्हणून रात्री झोपताना पायाने हलकेच दाबून पाहायची सवय लावा. वरचं दार धाडकन आपटू नका, त्या दाबाने खालचं किंचित सुटू शकतं. फ्रिजचे पुढचे पाय मागच्यापेक्षा जरासे उंच ठेवले की दारं आपोआप मिटतात.

रबराची परीक्षा दहा रुपयांच्या नोटेने होते. नोट दारात अडकवा, दार लावा, ओढा. सहज निघून आली तर तिथे हवा गळतेय. बरेचदा रबर बदलायचीही गरज नसते. त्याच्या घड्यांत साचलेली दुधाची साय आणि चिकटा साबणाच्या कोमट पाण्याने पुसला की काम होतं.

गरम आमटी आत ठेवू नका, वाफेचा बर्फच होणार. पण थंड होऊ दे म्हणत रात्रभर ओट्यावरही ठेवू नका. दोन तासांच्या आत, झाकून, आत.

फ्रीझरच्या तळाशी बर्फाची लादी, किंवा फ्रिजखाली पाण्याचं थारोळं दिसलं तर ते बहुधा निचऱ्याचं भोक तुंबल्याचं लक्षण. वितळलेलं दव एका नळीतून मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये जातं आणि तिथल्या उष्णतेने उडून जातं. नळी तुंबली की पाणी फ्रीझरमध्येच गोठतं. वरच्यासारखंच एक दिवस वितळवा. पुन्हा झालं तर नळी साफ करून घ्या.

सुरी किंवा उलथनं घेऊन बर्फ कधीही खरवडू नका. ही मी मत म्हणून सांगत नाहीये, ताकीद म्हणून सांगतेय. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजांत आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन हा गॅस असतो. ओझोनला तो अपाय करत नाही, पण ज्वालाग्राही आहे. नळीला भोक पडलं तर गॅसही जाईल आणि फ्रिजही. त्याच कारणासाठी मागचं पॅनेल घरी उघडू नये, आणि गॅसचं काम करणारा माणूस त्या गॅसचं काम जाणणाराच हवा. कोणता गॅस आहे ते फ्रिजच्या पाटीवर लिहिलेलं असतं.

आणि काही गोष्टी बिघाड नसतातच. बाजूच्या भिंती गरम लागतात, कारण बऱ्याच मॉडेलांत उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या त्यांच्या आत असतात. (म्हणून तिथे दोन्हीकडे जागा सोडा, तांदळाचा डबा खेटवू नका.) ज्यांची काळी जाळी मागे उघडी असते त्यांनी वर्षातून दोनदा, प्लग काढून, तिच्यावरची धूळ झाडावी. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर बराच वेळ सलग हळू चालतो, 'बंदच होत नाही' म्हणून घाबरू नका. मध्येच चर्रर्र आवाज येतो ते हीटरवर पडणारे थेंब. कड् असा आवाज येतो तो प्लॅस्टिक आखडण्या-प्रसरण्याचा. आमच्या सासूबाई या आवाजाला 'फ्रिजचं हाड मोडलं' म्हणतात :-)

वीज गेली तर दारं उघडू नका. अमेरिकेच्या कृषी खात्याचा हिशोब असा, की बंद दाराआड वरचा कप्पा सुमारे ४ तास आणि गच्च भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास टिकतो. आपल्या मे महिन्यात त्याहून कमीच धरावा.

नागपूरच्या मामींसाठी खास : दुकानात फ्रिजच्या पाटीवर हवामानाचा वर्ग पाहा. 'एन' म्हणजे बाहेर ३२ अंशांपर्यंत, 'एसटी' म्हणजे ३८ आणि 'टी' म्हणजे ४३ अंशांपर्यंत नीट चालेल असा. तुमच्या उन्हाळ्याला 'टी'च हवा, आणि तोही खिडकीच्या उन्हापासून लांब. आपोआप दव वितळवणाऱ्या फ्रिजांवर २०१० पासून ताऱ्यांचं लेबल सक्तीचं आहे, त्यावर वर्षाचे युनिट छापलेले असतात. नुसते तारे मोजू नका, युनिट वाचा.

सगळ्यात शेवटी ते पुस्तक. फ्रिजबरोबर येणारं माहितीपुस्तक आपल्याकडे बिलासकट कपाटातल्या फाइलमध्ये जातं, आणि ती फाइल घरातल्या पुरुषाकडे असते. फ्रिज मात्र बाईच्या ताब्यात. मेकॅनिक येतो तेव्हा बोलतो 'साहेबां'शी, साहेब विचारतात बायकोला, ती सांगते 'गार होत नाहीये', आणि या तीन पायऱ्यांत खरी माहिती गळून जाते. मला ही व्यवस्थाच पटत नाही. दूध कधीपासून नासतंय, बर्फ कुठे जमतोय, कालपासून पंख्याचा आवाज येत नाहीये, हे जिला माहीत आहे तिनेच बोललं पाहिजे. आणि तिला बोलता यावं म्हणून हवा कुठून कुठे जाते एवढं तरी तिला कोणीतरी सांगितलं पाहिजे. यात इंजिनियरिंग काही नाही. चुलीचा धूर कुठून जातो हे आपल्या आज्यांना कळत होतंच की.

सगळेच मेकॅनिक फसवतात असं मी म्हणत नाही. दुसरा आलेला माणूस अतिशय नीट होता, जुना हीटर हातात देऊन गेला. पण नेमकं लक्षण सांगणारा रोगी डॉक्टरलाही आवडतो. तेव्हा फोन करायच्या आधी चार गोष्टी कागदावर लिहा : वरचं तापमान, खालचं तापमान, पंखा ऐकू येतो का, आणि वितळवल्यावर किती दिवस चालला. आणि "गॅस गेलाय" असं ऐकलंत तर शांतपणे एकच विचारा, "गळती कुठे आहे, दाखवता का?"

काकूंनी आता ते पुस्तक फ्रिजवरच, बाटलीच्या कव्हराखाली ठेवलंय. परवा तिसऱ्या मजल्यावरच्यांचा फ्रिज बिघडला, तर काकू काठी टेकत वर गेल्या आणि विचारत्या झाल्या, "आइस्क्रीम कडक आहे का गं तुझ्याकडचं?"

असो. तुमच्याकडे खाली फ्रीझर असेल तर आज रात्री एकदा पायाने दार दाबून पाहा. आणि थर्मामीटर आणलात तर आकडा मला जरूर कळवा.